पहिले दुकान कुठे मांडावे?

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी नोकरी सांभाळून गेली दोन वर्षे हाताने शिवलेल्या वह्या तयार करते. आतापर्यंत त्या ओळखीच्यांनाच दिल्या. काहींनी पैसे देऊन घेतल्या, काहींना भेट म्हणून दिल्या. सध्या घरात चाळीस वह्या तयार आहेत आणि महिन्याला साधारण वीस वह्या माझ्या हातून होतात. त्या ऑनलाइन विकायचे मी ठरवले आहे, पण कुठे विकायच्या यावरच गाडी अडली आहे. मैत्रीण म्हणते, इन्स्टाग्राम पुरेसे आहे. भाऊ म्हणतो, स्वतःची वेबसाइट काढ, दुसऱ्याला कमिशन कशाला द्यायचे? एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की जिथे जिथे फुकट खाते उघडता येते तिथे सगळीकडे वह्या लावून टाकाव्यात, कुठे ना कुठे विकल्या जातीलच. तिघांचेही पटते आणि त्यामुळेच काही ठरत नाही. शिवाय पाठवताना वह्यांचे कोपरे दुमडतील ही धास्ती आहेच. सुरुवात नेमकी कुठून करू?

— वह्या बांधणारी एक वाचक

उत्तर

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा तपशील तुम्ही ओघात लिहून गेलात आणि तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांपैकी कोणीही त्याकडे पाहिलेले दिसत नाही. महिन्याला वीस वह्या, हा तो तपशील. म्हणजे तुम्हाला हजारो लोकांची गर्दी नको आहे. हाताने बांधलेली वही मुद्दाम शोधणारी, तिच्यासाठी योग्य किंमत मोजायला तयार असलेली वीस माणसे दर महिन्याला तुमच्यापर्यंत पोचली की तुमचा सगळा माल संपतो. दुसरी गोष्ट, तुमच्याकडे सर्वांत तुटपुंजे जर काही असेल तर ते भांडवल नसून संध्याकाळचे तास आहेत, कारण वही बांधायची, तिचे छायाचित्र काढायचे, चौकशीला उत्तर द्यायचे आणि पार्सल बांधायचे ही सगळी कामे त्याच दोन-तीन तासांत बसवायची आहेत. विक्रीची जागा निवडताना म्हणून मी एकच गोष्ट तपासायला सांगेन: गिऱ्हाईक आणण्याचे काम तिथे कोण करते, आणि त्याचा मोबदला तुमच्याकडून पैशात घेतला जातो की वेळात?

या कसोटीवर माझे उत्तर आधीच सांगून टाकते आणि कारणे नंतर देते. हस्तकलेच्या वस्तूंसाठीच असलेल्या एका मार्केटप्लेसवर (अनेक विक्रेते आपापला माल मांडतात अशा सामाईक साइटवर), म्हणजे एट्सी किंवा तुमच्या देशातील विक्रेत्यांना जिथे खाते उघडता येते अशा त्याच प्रकारच्या साइटवर, दुकान उघडा. इन्स्टाग्रामवर काम दाखवा, पण व्यवहार तिथे करू नका. स्वतःच्या वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, आजच नोंदवून ठेवा, मात्र वेबसाइट उभी करण्याची घाई करू नका. आणि पहिले चार महिने दुसरीकडे कुठेही दुकान मांडू नका.

मार्केटप्लेस म्हटले की सगळे एकाच माळेचे मणी वाटतात, पण त्यांची रचना एकमेकांपासून फार वेगळी आहे आणि नवख्या विक्रेत्याची फसगत बहुधा इथेच होते. ॲमेझॉनने आपल्या साइटवर बाहेरच्या विक्रेत्यांना 2000 साली आपल्याच मालाच्या शेजारी जागा दिली आणि आज तिथे विकल्या जाणाऱ्या नगांपैकी निम्म्याहून अधिक नग अशा बाहेरच्या विक्रेत्यांचे असतात. हा आकडा ऐकून नवा माणूस हुरळून जातो. परंतु तिथली मूळ रचना वस्तूभोवती आहे, विक्रेत्याभोवती नाही: एकच वस्तू दहा जण विकत असतील तर त्या सर्वांसाठी एकच पान असते आणि खरेदीचे बटण दाबले की ऑर्डर कोणाकडे जाणार हे किंमत, पोचवण्याचा वेग आणि विक्रेत्याची आजवरची कामगिरी यांवरून ठरते. कारखान्यात तयार झालेला, सगळीकडे सारखाच मिळणारा माल ज्याच्याकडे आहे त्याला ही रचना मानवते. तुमची वही सगळीकडे सारखी मिळत नाही, हेच तर तिचे मोल आहे. ॲमेझॉनचा हस्तकलेसाठी वेगळा विभाग 2015 पासून आहे हे खरे, पण तिथेही शेजारच्या पानावर यंत्रावर बांधलेली वही बऱ्याच कमी किमतीत दिसत असते आणि वही म्हणजे वही असे मानणारा ग्राहक तुमच्या शिवणीकडे पाहणारही नाही.

ईबेची प्रकृती आणखी निराळी. 1995 साली ती साइट सुरू झाली तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर होता आणि तो घेणाऱ्याला तो बिघडलेलाच हवा होता, कारण तसल्या वस्तू तो जमवत असे. आजही वापरलेल्या, दुर्मिळ, संग्राहकांना हव्या असलेल्या किंवा एकच नग असलेल्या वस्तूंसाठी तिच्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. जुनी घड्याळे, नाणी, बंद पडलेल्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या कोणी मला हाच प्रश्न विचारला असता तर मी ईबेचेच नाव घेतले असते. नव्या वह्या दर महिन्याला नेमाने विकायच्या असतील तर मात्र तिथला ग्राहक तुमचा नाही.

एट्सी 2005 मध्ये सुरू झाली ती हाताने केलेल्या वस्तू विकणाऱ्यांसाठी. हस्तकला, हस्तकलेचे साहित्य आणि किमान 20 वर्षे जुन्या वस्तू यांच्याशी तिची ओळख जोडलेली आहे. तिथे येणारा माणूस हाताने केलेल्या वस्तूला जास्त पैसे पडतात हे गृहीत धरूनच येतो, आणि नव्या विक्रेत्याला याहून मोठी मदत दुसरी नाही. तुम्हाला किमतीचे समर्थन करत बसावे लागत नाही; समोरच्या माणसाने ते मनात आधीच केलेले असते.

आता कमिशनचा प्रश्न, ज्यावर तुमच्या भावाचा रोख आहे. तो हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कोणीही कुठेही दुकान उघडू नये असे मला मनापासून वाटते, म्हणून इथे थोडी रेंगाळते. समजा, वहीची किंमत कोणत्याही चलनात 100 आहे आणि पाठवणावळ म्हणून तुम्ही ग्राहकाकडून 20 घेता. एट्सी सध्या विक्रीवर 6.5 टक्के घेते, आणि पुष्कळांच्या लक्षात न येणारी बाब म्हणजे ते वहीच्या किमतीवर नसून पाठवणावळीसह होणाऱ्या एकूण 120 वर असतात, म्हणजे 7.80. पैसे स्वीकारण्याचा खर्च देशागणिक बदलतो. हिशेबासाठी तो 4 टक्के धरला तर आणखी 4.80 गेले. प्रत्येक वस्तू यादीत लावण्याचे 20 सेंट वेगळे; ती नोंद चार महिने टिकते आणि वस्तू विकली गेली की पुढच्या नगासाठी तेवढेच शुल्क पुन्हा पडते. ते बाजूला ठेवू. 120 मधून 12.60 साइटकडे गेले, 20 कुरिअरला गेले, खोके-कागद-चिकटपट्टीला 5 लागले, आणि पुठ्ठा, कापड, कागद, दोरा यांना 30 लागले असे मानले, तर तुमच्या हाती 52.40 उरतात. एक वही बांधायला तीन तास लागत असतील तर तासाला साडेसतराच्या आतच पडले. हे तुम्हाला परवडते का, याचे उत्तर जागा निवडण्याआधी द्यायला हवे, कारण ज्या किमतीत मुळातच मजुरी सुटत नाही ती किंमत कुठल्याही साइटवर नेली तरी सुटणार नाही.

याच हिशेबात एक अवघड वळण आहे. एट्सी तुमच्या वस्तूंच्या जाहिराती गूगल किंवा फेसबुकसारख्या बाहेरच्या ठिकाणी करते आणि त्या जाहिरातीवरून आलेल्या माणसाने खरेदी केली तर छोट्या दुकानाकडून त्या ऑर्डरचे 15 टक्के वेगळे घेते. वरच्या उदाहरणात ते 18 होतात आणि तुमचे 52.40 एकदम 34.40 वर येतात. ज्या दुकानाची बारा महिन्यांतील विक्री 10,000 डॉलरच्या खाली आहे त्याला ही सोय बंद ठेवता येते. त्यापलीकडे गेलेल्या दुकानाला दर 12 टक्क्यांवर येतो, पण बंद करण्याचा पर्याय राहत नाही. विक्री झाली तरच पैसे द्यावे लागणारी जाहिरात वाईट नसते, त्यामुळे मी ती बंद करायला सांगणार नाही. वहीची किंमतच अशी ठरवा की हे 15 टक्के गेले तरी तुम्हाला पुरेसे उरेल. तसे जमत नसेल तर मात्र पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. पहिली ऑर्डर आल्याच्या आनंदात तिचा हिशेब वाचून हिरमोड झालेले विक्रेते मी पाहिले आहेत. नियम आधी वाचले असते तर त्यांना तो दिवस सुखाचा गेला असता.

तरीही भाऊ विचारील, वहीच्या किमतीचे हे 12-13 टक्के तरी का द्यायचे? कारण ते गिऱ्हाईक आणून देण्याचे पैसे आहेत. वेबसाइट काढली की कमिशन वाचते, पण गिऱ्हाईक आणण्याचे काम नाहीसे होत नाही, ते तुमच्या अंगावर येते. शॉपिफायसारख्या सेवेवर दरमहा ठरावीक भाडे भरून दुकान उभे करता येते. वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे मोफत सॉफ्टवेअर बसवूनही करता येते, जरी त्यातही वेबसाइट ज्या सर्व्हरवर ठेवायची तिथल्या जागेचे भाडे, डोमेनचे वार्षिक शुल्क आणि वेळोवेळी करायची डागडुजी चुकत नाही. दोन्ही मार्ग चांगले आहेत. पण अशा दुकानासमोरून कोणीही सहज म्हणून जात नाही. वर्दळ तुम्हीच निर्माण करायची: लेख लिहून, चित्रफिती करून, जाहिरातीवर पैसे खर्चून. जे थोडे लोक येतील त्यांनी अनोळखी साइटवर कार्डाचा क्रमांक टाकण्याइतका विश्वास ठेवायचा, तोही तुम्हीच कमवायचा. नावाजलेल्या दुकानांतसुद्धा खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकून पैसे न भरता निघून जाणाऱ्यांचे प्रमाण साधारण दहात सात इतके असते. नव्या, अनोळखी दुकानाची स्थिती त्याहून बरी असेल अशी अपेक्षा कशी करावी?

शॉपिफायचीच जन्मकथा इथे आठवते. टोबियास ल्युटके यांनी 2004 मध्ये दोघा सहकाऱ्यांसह स्नोडेव्हिल नावाचे ऑनलाइन दुकान काढले ते बर्फावरून घसरण्याच्या फळ्या विकण्यासाठी. मनासारखे दुकान उभे करता येईल असे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून ते त्यांनी स्वतः लिहिले आणि 2006 मध्ये तेच सॉफ्टवेअर हा त्यांचा धंदा झाला. दुकान उभारणे हे किती स्वतंत्र आणि किती वेळखाऊ काम आहे हे यावरून कळावे. ज्याला ते काम आवडते त्याने जरूर करावे. तुमच्या पत्रातून तरी मला वह्यांविषयीचे प्रेम दिसले, वेबसाइटविषयीचे नाही.

मैत्रिणीच्या सल्ल्यात तथ्य आहे, कारण हाताने होणारे काम डोळ्यांना दिसले की त्याची किंमत आपोआप समजते. दोरा ओवताना, पाने दाबून पुठ्ठा चिकटवताना अर्ध्या मिनिटाची चित्रफीत जे सांगते ते दहा ओळींच्या वर्णनाने साधत नाही. तेवढ्यासाठी इन्स्टाग्राम अवश्य वापरा. पण तिथे माणूस वेळ घालवायला आलेला असतो, वही शोधायला नाही. आवडली तर तो संदेश पाठवून किंमत विचारतो, मग पानांचा रंग, मग पोचायला किती दिवस लागतील ते, आणि अशा पाच चौकशांमागे एखादी ऑर्डर ठरते. हे सगळे टंकण्यात तुमची संध्याकाळ संपते. शिवाय व्यवहार संदेशांतून झाला की दोघांनाही संरक्षण राहत नाही. पैसे पाठवल्याचे खोटे स्क्रीनशॉट दाखवून माल उकळणे, किंवा चुकून जास्त पैसे गेले असे सांगून फरक परत मागणे, या फसवणुकीच्या नेहमीच्या रीती आहेत. तेव्हा तशी वेळ आलीच तर स्क्रीनशॉट कितीही खरा दिसला तरी आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली स्वतः पाहिल्याशिवाय वही पाठवू नका. आणखी एक लक्षात ठेवा: 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एकाच वेळी जगभर सुमारे सहा तास बंद पडली होती. ज्यांचे दुकान, ऑर्डरची वही आणि ग्राहकांचे पत्ते सगळे त्या तिन्हींतच होते त्यांच्यापाशी तेवढा वेळ काहीच नव्हते. प्रोफाइलवर दुकानाचा दुवा द्या आणि किंमत विचारणाऱ्याला नम्रपणे तिकडे पाठवा.

सगळीकडे दुकान मांडण्याच्या सल्ल्याविषयी मी स्वतःच्या अनुभवावरून बोलते. काही वर्षांपूर्वी मी कापडी पिशव्या विकायला सुरुवात केली तेव्हा उत्साहाच्या भरात तीन ठिकाणी खाती उघडली. एका नक्षीची एकच पिशवी उरली होती आणि ती एकाच रात्री दोन साइटवर विकली गेली. सकाळी उठून एका ग्राहकाची ऑर्डर मला रद्द करावी लागली, त्या साइटवर नव्या दुकानाच्या नावापुढे पहिलीच नोंद रद्द ऑर्डरची झाली आणि ग्राहकाने लिहिलेले चार कडक शब्द पुढे कितीतरी महिने माझ्या पानावर सर्वांत वर दिसत राहिले. चूक सर्वस्वी माझी होती. ज्याच्याकडे एकाच वस्तूचे शेकडो नग आहेत आणि सर्व ठिकाणचा साठा आपोआप जुळवणारे सॉफ्टवेअर आहे त्याने चार बाजारांत बसावे. तुमच्या चाळीस वह्यांपैकी बहुतेक एकमेकींपासून वेगळ्या असणार, म्हणजे प्रत्येकीचा एकच नग. तो चार ठिकाणी लावला की चार ठिकाणी त्याची काळजी वाहावी लागते. याशिवाय ग्राहकांचे अभिप्राय एका साइटवरून दुसऱ्या साइटवर नेता येत नाहीत. वीस विक्रींचे अभिप्राय एका दुकानात जमले तर ते दुकान विश्वासाचे वाटते. तेच चार दुकानांत विखुरले तर चारही दुकाने रिकामी वाटतात.

दुकान उघडण्याआधी एक संध्याकाळ फक्त ग्राहक होऊन घालवा. शोधाच्या चौकटीत हाताने शिवलेली वही असे वेगवेगळ्या शब्दांत टाकून पाहा, पहिल्या पानावर येणाऱ्या दुकानांची विक्री किती, अभिप्राय किती, किमती कुठे आहेत हे टिपून ठेवा. आपल्यासारखे विकणारे बरेच जण दिसले तर घाबरू नका, कारण जिथे विकणारे टिकून आहेत तिथे घेणारे आहेत. काळजी तेव्हा करावी, जेव्हा तुमच्यासारखी वस्तू कोणीच विकताना दिसत नाही. अभिप्रायांतल्या तक्रारी विशेष लक्षपूर्वक वाचा: शाई मागच्या पानावर उतरते, वही सपाट उघडत नाही, चित्रावरून वाटली त्यापेक्षा लहान निघाली. तुमच्या वस्तूच्या वर्णनात काय लिहायला हवे हे त्या तक्रारीच सांगतात.

वह्यांना काव्यमय नावे देण्याचा मोह पहिल्या शब्दांत तरी आवरा. कोणी चांदणवेल असे शोधत नाही. ए5 आकाराची, कोऱ्या पानांची, सपाट उघडणारी, हाताने शिवलेली वही असे शोधतात. तेच शब्द शीर्षकात आधी येऊ द्या. ए5 म्हणजे 148 बाय 210 मिलिमीटर हे आकडे लिहा, शिवाय वही हातात धरलेले एक छायाचित्र लावा, कारण मिलिमीटर वाचून आकार डोळ्यांसमोर उभा राहणारी माणसे थोडी असतात. खाते उघडताना ओळखपत्रावरचे, बँकेतले आणि दुकानाच्या अर्जातले तुमचे नाव अक्षरशः एकसारखे ठेवा. यातल्या किरकोळ फरकामुळेही पडताळणी अडून बसते. नव्या विक्रेत्याचे पैसे काही साइट थोडा काळ राखून ठेवतात, तेव्हा पहिल्या महिन्याचे सामान विक्रीच्या पैशांतून आणायचे असे गृहीत धरू नका. कर आणि नोंदणी यांचे नियम तुम्ही जिथे राहता तिथल्या जाणकाराकडून समजून घ्या, आणि दुसऱ्या देशात पाठवायचे असेल तर सीमाशुल्क कोण भरणार हे दुकानाच्या पानावर स्पष्ट लिहा.

चार महिने हा अवधी मी वस्तूची नोंद तेवढा काळ टिकते म्हणून सुचवला आहे. तो पुरा झाल्यावर दुकानाची आकडेवारी उघडून शांतपणे पाहा. वह्या कोणी पाहिल्याच नसतील तर शीर्षकाचे शब्द आणि पहिले छायाचित्र यांत दोष आहे. पाहणारे पुष्कळ आणि घेणारे कोणीच नाही असे असेल तर किंमत, पाठवणावळ किंवा वर्णनातली एखादी शंका आड येते आहे. शंभर पाहणाऱ्यांतून एक-दोघांनी घेतली तरी दुकान ठीक चालले आहे असे समजा आणि हा आकडा कमी म्हणून खट्टू होऊ नका.

भावाची सूचना मी मोडीत काढलेली नाही, पुढे ढकलली आहे. मार्केटप्लेस ही दुसऱ्याची जागा आहे हे विसरून चालत नाही. एट्सीचे 6.5 टक्के 2022 च्या एप्रिलमध्ये झाले. त्याआधी ते 5 होते, आणि वाढीच्या निषेधार्थ हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवली तरी वाढ मागे घेतली गेली नाही. जर्मनीतली डावांडा ही हस्तकलेची साइट 2006 पासून चालत होती, तिच्यावर मोठ्या संख्येने कारागीर अवलंबून होते, आणि 2018 च्या ऑगस्टअखेरीस ती बंद झाली. म्हणून पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी स्वतःच्या ताब्यात ठेवा: दुकानाचे नाव आणि त्याच नावाचे डोमेन, सर्व छायाचित्रे आणि वर्णने यांची मूळ प्रत, आणि कोणती वही कोणत्या महिन्यात किती किमतीला गेली याची स्वतःची नोंद. ग्राहकांचे ईमेल पत्ते साइटवरून उचलून त्यांना परस्पर जाहिराती पाठवणे किंवा साइट टाळून थेट विकत घ्या असे सुचवणे बहुतेक मार्केटप्लेसच्या नियमांत बसत नाही आणि त्यापायी खाते बंद होऊ शकते, म्हणून तो आडमार्ग धरू नका. वहीच्या शेवटच्या पानाच्या आत तुमच्या दुकानाचे नाव छापलेले असले की ज्याला वही आवडली तो ते नाव आपण होऊन शोधतो.

वेबसाइटची वेळ कधी आली हे तुम्हाला त्यावरूनच कळेल. दहा ऑर्डरींपैकी तीन-चार जुन्या ग्राहकांच्या किंवा तुमचे नाव ऐकून आलेल्यांच्या असू लागल्या, की ज्या माणसाला साइटने आणलेच नाही त्याच्यासाठीही तुम्ही साइटला कमिशन देत आहात असा त्याचा अर्थ होतो. त्या दिवशी भावाला बोलवा आणि त्याच्या मदतीने वेबसाइट उभी करा. मार्केटप्लेसवरचे दुकान तेव्हाही बंद करू नका. नवी माणसे तिथूनच येत राहतील.

राहिली कोपऱ्यांची धास्ती. ती अगदी रास्त आहे आणि तिचा संबंध खर्चाशीही आहे. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला 5000 ने भागायचे ही त्यासाठीची प्रचलित रीत आहे. तुमची 400 ग्रॅमची वही सुरक्षित राहावी म्हणून 30 बाय 25 बाय 10 च्या खोक्यात ठेवलीत तर ती दीड किलोची ठरते. तीच 23 बाय 16 बाय 4 च्या घट्ट बसणाऱ्या खोक्यात गेली तर आकारमानाचे वजन 300 ग्रॅमच्या आत राहते आणि प्रत्यक्ष वजनाचेच पैसे पडतात. मोठ्या खोक्यात वही आत हलते आणि तिचे कोपरेही लवकर दुमडतात, म्हणून लहान खोके दोन्ही दृष्टींनी चांगले. चारही कोपऱ्यांवर जाड पुठ्ठ्याच्या घड्या चढवा, वहीच्या दोन्ही बाजूंना तिच्यापेक्षा किंचित मोठा ताठ पुठ्ठा ठेवा, ओल लागू नये म्हणून आतून प्लॅस्टिकचे वेष्टन द्या आणि खोके बंद करून कमरेइतक्या उंचीवरून वेगवेगळ्या कोपऱ्यांवर टाकून पाहा. त्यानंतर, दुकान उघडण्याआधीच, मनातून थोडी कमी आवडलेली एक वही दूर राहणाऱ्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला त्याच कुरिअरने पाठवा, पार्सल हाती पडले त्या स्थितीत आणि उघडल्यावर अशी दोन छायाचित्रे मागवून घ्या, आणि कोपरे जसे पाठवले तसेच पोचलेले दिसले की पहिली वही दुकानात लावा.